कनवटीतली माती

ये. अशी जवळ येऊन बैस. एक पाय दारात, एक पाय जिन्यात ठेवून आणि मोबाइलवर बोट फिरवत मला काही शिकवू नकोस. आणि तो उजवा हात पाठीमागे कशाला? पाकीट आहे ना त्यात? कळतं मला. तुमची बेल बंद असली की कुरियरवाला ते माझ्याकडेच देऊन जातो, हे विसरलीस वाटतं. पाकिटावर चांगलं ठसठशीत छापलंय, 'भाजकी माती, खाण्यासाठी'. खाली म्हणे प्रकार: धुरकट, चॉकलेटी, जास्त भाजलेली. हलवायाच्या दुकानात बर्फीचे असतात तसे!

वाचणाऱ्यांना सांगते, ही आमच्या समोरच्या ब्लॉकमधली मुलगी. नाव लिहीत नाही. तिला विचारूनच लिहितेय, नाव नको एवढंच ती म्हणाली. दिवसभर कानाला ते यंत्र लावून घरूनच काम करते. सहावा महिना आहे. नवरा सज्जन आहे, पण तोही दिवसभर कानाला तेच लावून बसतो. दोन महिन्यांत तिसरं पाकीट आलं, तेव्हा मी तिला हटकलं. तर हसली आणि म्हणाली, "आजी, एवढं काय घाबरता? ह्याला जिओफॅजी म्हणतात. मी वाचलंय सगळं. जगभर बायका खातात. इट्स नॅचरल."

मी मटार सोलत होते. हातातली शेंग तशीच राहिली. पन्नासच्या वर वर्षं झाली असतील, हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मी तो पहिल्यांदा पाहिला तो एका केसपेपरवर, निळ्या शाईत. त्या शब्दाची मला अजून भीती वाटते. म्हणून म्हटलं, बैस. आधी मला बोलू दे, मग तू तुझं ते गुगलमधलं सांग.

मी पालिकेच्या एका प्रसूतिगृहात आया होते. पेठेतलं, दोन मजली, खाली तपासणी आणि वर खाटा. पानशेतचा पूर येऊन गेला त्याला सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आया म्हणजे काय, तर जे काम डॉक्टर करत नाहीत आणि सिस्टर करत नाहीत ते सगळं. भांडी द्यायची, काढायची, चादरी बदलायच्या, कळा येणाऱ्या बाईला कमरेत धरून चालवायची, तिच्या शिव्या खायच्या. आणि केसपेपर ह्या खोलीतून त्या खोलीत न्यायचे. बायका आम्हाला मावशी म्हणायच्या. मी तिशीची आणि मला मावशी म्हणणारी चाळिशीची, असंही व्हायचं.

शिक्षण माझं चौथी. पण केसपेपर नेता-आणता अक्षरं ओळखीची झाली. पुढे पुढे मला इंग्रजी शब्द त्यांच्या आकारावरून ओळखू यायला लागले. ॲनिमिया लांबट दिसतो, ट्विन्स आखूड दिसतो, असे. आमच्या डॉक्टरीणबाईंच्या ते लक्षात आलं. त्या फार कमी बोलायच्या, पण मला पाहिलं की नवा शब्द लिहून पेपर पुढे करायच्या, "हं, शोधून ये. उद्या अर्थ सांग." बक्षीस काही नाही. चुकलं तर एक भुवई वर. बरोबर आलं तर तीही नाही.

दोन कामं मला फार चांगली यायची. एक, पापणी बघणं. बाई खालच्या पायरीवर असतानाच मी तिच्याशी बोलता बोलता डोळ्याखालची कातडी अंगठ्याने खाली ओढायची. आत लाल दिसलं की जीव भांड्यात. फिकट दिसलं की मी आधीच सिस्टरला खूण करायची. मग ते बोटाला सुई टोचून थेंब घ्यायचे, नळीत घालून काचेच्या रंगाशी जुळवायचे. माझा अंदाज सहसा चुकायचा नाही. मिरवत नाही, खरं तेच सांगतेय. बरं, थोडं मिरवतेय.

दुसरं काम म्हणजे कनवट सोडणं. खेड्यापाड्यातून येणाऱ्या बायका नऊवारी लुगड्यात यायच्या. खाटेवर घ्यायच्या आधी दवाखान्याचे कपडे घालायचे आणि लुगडं गुंडाळून द्यायचं. कमरेला खोचलेल्या टोकाची गाठ, ती कनवट. त्यात बाई आपलं असेल नसेल ते बांधून आणते. मिश्रीची डबी, सुपारीचं खांड, देवाचा अंगारा. एकीच्या कनवटीत उकडलेलं अंडं निघालं होतं, अजून कोमट. जे निघेल ते कागदात बांधायचं, वर खाटेचा नंबर टाकायचा, जाताना परत द्यायचं. माझ्या आधीच्या मावशीने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गाठीत काय निघालं ते तू बघायचंस, पण बोलायचं नाहीस. तिच्या नवऱ्यानेही पाहिलेलं नसतं ते."

हा नियम मी एकदाच मोडला. तेच सांगतेय.

सिंधू आली ती मांजरी गावाच्या बाजूची. तेव्हा तिकडे सगळा ऊसच ऊस. वय असेल एकोणीस-वीस, आठवा महिना, पहिलंच बाळंतपण. बरोबर सासू. उंच, ताठ, कपाळावर मोठं कुंकू, आणि हातात घरच्या गुळाची ढेप, डॉक्टरीणबाईंसाठी. सिंधू आमच्या तीन पायऱ्या चढली आणि भिंतीला टेकून धापा टाकत उभी राहिली. मी अंगठा लावला. पापणी आतून कागदासारखी होती. मी खूण केली नाही, सरळ पळत गेले.

डॉक्टरीणबाईंनी तिला वर खाटेवर घ्यायला सांगितलं. आठ खाटांची खोली, तिची धरून सगळ्या भरलेल्या, दुपारची वेळ, बायका आपापसांत गप्पा मारत पडलेल्या. मी पडदा ओढला, तिची कनवट सोडली. तर आत लालसर, चुलीच्या कडेला असतात तसे भाजके मातीचे खडे. सात-आठ असतील. एकावर दातांच्या रेषा होत्या.

आणि मी काय केलं? पडदा बाजूला सारून, हातात तो खडा वर धरून, मोठ्यांदा म्हणाले, "अगं बाई! माहेरी राहायला निघालीस की काय? घराची भिंतच बांधून आणलीस बरोबर?"

बाकीच्या सातही खाटा हसल्या. सिस्टरसुद्धा हसली. एक टाके घातलेली बाई पोट धरून ओरडली, "मावशी, नका हसवू हो!" मला अजून चेव आला. काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहिणार नाही.

सिंधू माझ्याकडे बघत नव्हती. ती सासूकडे बघत होती. सासू दारात उभी होती. ती सगळ्या खाटांना उद्देशून म्हणाली, "आमच्या घरी दोन म्हशी हायती. गूळ घरचा हाय. पोरीला कशाला काय कमी न्हाई."

तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई वर आल्या. त्यांनी खडे पाहिले. त्या हसल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि रोज किती पोळ्या खातेस असं विचारावं तितक्या साधेपणाने विचारलं, "कधीपासून खातेस?"

"तिसऱ्यापासनं," सिंधू पुटपुटली.

"दिवसाला किती?"

तिने ओंजळ दाखवली. खोलीतलं हसू थांबलं.

"कशी लागते?"

सिंधूने पहिल्यांदा मान वर केली. "सारवल्यावर वास येतो न्हवं बाई, त्यो वास तोंडात येतो. मग राहवत न्हाई. न्हाई म्हनलं तर हात कापतात."

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर एक शब्द लिहिला आणि पेपर माझ्याकडे दिला. मी तो आकार कधी पाहिला नव्हता. मी हळूच विचारलं, "ह्याचा अर्थ?" त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "शोधून ये. आज नीट शोध."

माझी ड्यूटी दोनला संपायची. अप्पा बळवंत चौकाच्या अलीकडे फुटपाथवर रहीमचाचा जुनी पुस्तकं मांडून बसायचे. त्यांच्याकडे एक पुठ्ठा फाटलेला जाडजूड इंग्रजी कोश होता. तो ते विकत नसत, किंवा कुणी घेत नसे. मला मात्र उभ्याने बघू द्यायचे. "आओ मावशी, आज कुठला शब्द?" असं म्हणून स्वतःच सुतळी सोडायचे. मी अक्षरं दाखवायची, ते पानं उलटायचे. इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा बरं यायचं, पण दोघांचं मिळूनही एका माणसाचं व्हायचं नाही.

शब्द सापडला. त्याचं मूळही दिलेलं होतं. तो ग्रीक लोकांच्या भाषेतल्या दोन तुकड्यांचा. पहिल्या तुकड्याचा अर्थ जमीन, पृथ्वी. दुसऱ्याचा खाणं. रहीमचाचा म्हणाले, "हा पहिला तुकडा शाळेच्या पुस्तकात असतो बघा. जॉग्रफी, जॉमेट्री." मग ते दोन्ही शब्दही काढून पाहिले. एकात जमिनीबद्दल लिहिणं, दुसऱ्यात जमीन मोजणं. आणि हा तिसरा, जमीन खाणं. एका घरातल्या तीन बहिणी. दोघी शाळेत गेल्या, ही चुलीपाशी राहिली. खाली आणखी लिहिलं होतं की गांडुळासारखे जे जीव माती खाऊनच जगतात, त्यांच्यासाठीही हाच शब्द लावतात.

मला त्या शब्दाची गंमत वाटायला हवी होती. वाटली नाही. मी तिथे उभी राहून विचार करत होते की ह्या शब्दात हसण्यासारखं काहीच नाही. आपल्याकडे माणसाने घोटाळा केला की आपण म्हणतो, माती खाल्लीस. म्हणजे तोंडात घालायच्या आधीच शरम ठरलेली. ग्रीकांनी जे दिसलं ते नुसतं लिहून ठेवलं, बाई जमीन खाते. पुष्कळ वर्षांनी एका वैद्यांनी मला सांगितलं की आपल्याही जुन्या वैद्यकात माती खाऊन होणारा पांडुरोग, म्हणजे रक्त कमी होऊन फिकट पडणं, वेगळा सांगितलाय. म्हणजे आपल्यालाही ठाऊक होतं. आपण फक्त ते बायकांना सांगायचं विसरलो.

रहीमचाचांनी पानावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "आमच्या घरातपण होतं हे. माझी बायको कुंभारवाड्यातून आणायची. पातळ वड्या मिळायच्या. मी फार ओरडलो एकदा, भावांसमोर."

"मग सोडली का त्यांनी?"

"नाही. लपवायला लागली."

"आणि मग?"

त्यांनी कोश मिटला, त्याला सुतळी बांधली, गाठ दोनदा आवळली. "मग काय मावशी," म्हणाले. मी पुढे विचारलं नाही. त्यांच्या घरी स्वयंपाक बहीण करत असे, एवढं मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आठला ड्यूटीवर आले तर सिंधूची खाट रिकामी. चादर नीट घडी घालून ठेवलेली, दवाखान्याचे कपडे त्यावर. पहाटेच सासू तिला घेऊन गेली होती. अडवणाऱ्या सिस्टरला म्हणाली होती, "घरात खायला मिळत न्हाई म्हनून सून माती खाती, हे सात गावच्या बायकांनी ऐकलं. आठव्या गावाला नको."

डॉक्टरीणबाईंनी रिकामी खाट पाहिली. मग मला पाहिलं. "काल काय झालं?"

मी सगळं सांगितलं. माझी गंमतही सांगितली. लपवून उपयोग नव्हता, सिस्टर साक्षीला होती.

"अर्थ मिळाला?"

"मिळाला."

"नुसता अर्थ घेऊन मी काय करू?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मग त्यांनी मला समजावलं, ते मी आजपर्यंत शेकडो बायकांना सांगितलंय. अंगात रक्त कमी झालं की काहींना मातीची ओढ लागते. आणि माती पोटात गेली की अन्नातलं लोह अंगाला लागू देत नाही, वर जंत होतात ते वेगळेच. म्हणजे रक्त आणखी कमी. म्हणजे ओढ आणखी जास्त. "साध्या बाळंतपणात जेवढं रक्त जातं," त्या म्हणाल्या, "तेवढं गेलं तरी ही मुलगी राहणार नाही. रक्ताची बाटली हाताशी असेल तरच. आणि ती तिकडे, उसात."

केसपेपरवर गावाचं नाव होतं. त्यांनी पत्र टाकलं. उत्तर नाही. दुसरं टाकलं.

आता जे सांगते ते मला सांगावंसं वाटत नाही. मला आठवड्यातून एक सुट्टी असायची. पहिली सुट्टी आली आणि मी गेले नाही. घरी कपडे धुतले, डाळ निवडली. मनाला सांगितलं, पत्र पोचलं असेल, येतील. खरं म्हणजे मला त्या सासूची भीती वाटत होती. ती चारचौघांत मला काय बोलेल, ह्याची. दुसऱ्याला चारचौघांत बोलताना मला भीती वाटली नव्हती.

त्या आठवड्यात जिना चढणाऱ्या प्रत्येक बाईच्या पापणीत मला तोच कागद दिसायचा. एकदा तर लालभडक पापणीच्या बाईला मी सिस्टरकडे ओढत नेलं. ती म्हणाली, "मावशी, तब्येत तुमची बघायला हवी." पुढच्या सुट्टीला मी तिच्या खड्यांची राहून गेलेली पुडी पिशवीत घालून सकाळी निघाले. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मी बाटलीची व्यवस्था करून ठेवते. रिकामी परत येऊ नकोस."

हडपसरपर्यंत बस. पुढे पायी. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि मधून गाडीवाट. भर उन्हात तिथे सावली होती, पण ती सावली सुखाची नव्हती. वारा नसताना पानं सळसळायची. मी थांबले की कुणीतरी आत थांबल्यासारखं वाटायचं. मी मोठ्यांदा स्तोत्र म्हणायला लागले, तर मधलंच कडवं विसरले. मनात एकच, पोचेन तेव्हा त्या घरातून रडण्याचा आवाज येत असेल का.

घरातून आवाज येत नव्हता. ते जास्त वाईट वाटलं.

सासू ओसरीवर धान्य पाखडत होती. तिने मला ओळखलं, सूप खाली ठेवलं नाही. "कशापायी आलाव? हसायचं राहिलंय का काही?"

"सिंधू कुठेय?"

"निजलीय."

"बघू द्या मला तिला."

"बघितलंय की तुमी. सगळ्यांस्नी दावूनबी झालंय."

मी पाणी मागितलं. तिने मागल्या दाराकडे बोट केलं, रांजण तिकडे होता. मी मागे गेले आणि तिथे गोठ्याची भिंत पाहिली.

पांढऱ्या मातीची, सारवलेली भिंत. बसल्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर तिच्यात खळगा होता. परातीएवढा. कडेला नखांचे ओरखडे, ताजे, ओलसर. एवढी भिंत एका मुलीच्या पोटात गेली होती. मी त्याच्यासमोर खाली बसले. आणि बसल्यावर दिसलं की त्याच्या शेजारी आणखी एक खळगा होता. जुना, कधीतरी लिंपून बुजवलेला, पण लिंपण आत दबल्यामुळे त्याचा गोल आकार दिसत होता.

मागून सासूचा आवाज आला. "त्यो माझा."

मी वळले. ती सूप हातात धरून उभी होती.

"दोन पोरं झाली, दोन्ही गेली. तिसरा ह्यो सिंधूचा नवरा. सासऱ्यानं भित लिंपली नि म्हनला, कुनाला सांगू नगंस. मी न्हाई सांगितलं. पंचवीस वर्सं न्हाई सांगितलं. अन् तुमी एका दुपारी..."

मग मी जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. माझ्या मुलाच्या वेळी मीही खाल्ली होती. चाळीच्या मागच्या भिंतीची, पोपडे काढून काढून. नवऱ्याला कळू दिलं नाही. सिंधूच्या कनवटीतून तो खडा निघाला तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. म्हणून मी इतक्या मोठ्याने हसले. माझं कुणाला दिसू नये म्हणून तिचं वर धरून दाखवलं.

सासूने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "सकाळपासनं कळा हायती तिला. सुईन बोलावलीय. आत या."

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. बैलगाडीत अंथरलेलं गवत. सिंधूचा हात, थंड आणि हलका, वाळलेल्या पानासारखा. तिचा नवरा बैलांना हाकताना एकदाही मागे वळून बघत नव्हता, भीतीने. हडपसरला दुधाची गाडी मिळाली. कॅनच्या मधे आम्ही तिघी. सिंधू मला म्हणाली, "मावशी, एक खडा द्या. तोंडात धरते नुसता. गिळनार न्हाई." मी सासूकडे पाहिलं. सासूने तोंड फिरवलं. मी खडा दिला नाही. दिला असता तर काय बिघडलं असतं, हे मी अजून स्वतःला विचारते.

दवाखान्यात पोचलो तेव्हा चार वाजले असतील. डॉक्टरीणबाई दारातच होत्या, बाटली आलेली होती. मुलगी झाली. माझ्या पंजावर मावेल एवढी. मी तिला उलटी धरली, पाठ चोळली, तळवे टिचकवले. रडली नाही. दोन-तीनदा तोंड उघडलं, मासोळीसारखं, आणि मग ते उघडंच राहिलं. तिच्याकडे बघायला वेळ नव्हता, कारण सिंधूचं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरीणबाईंचे हात कोपरापर्यंत लाल आणि त्या एकसारख्या मला म्हणत होत्या, "पापणी बघत राहा. पापणी बघत राहा." मी अंगठा लावून बसले. कागद. कागद. कागद. एक बाटली संपली, दुसरी लावली. पहिल्यांदा त्या कागदावर कुठेतरी गुलाबी झाक आली तेव्हा खिडकीतलं ऊन उतरलं होतं.

सिंधू वाचली. मुलगी नाही.

हे मी तुला सांगणार नव्हते, बाळा. शेवट बदलून सांगावा असं मनात होतं. पण मग मीही लपवल्यासारखंच झालं असतं.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर उलटा करून पहिल्या भरतीची तारीख पाहिली, मग आजची पाहिली, आणि पेपर माझ्या हातात दिला. मधले दिवस त्यांनी मोजले, मीही मोजले. तो शब्द तिथेच होता, त्यांच्या निळ्या शाईत. अर्थ मला पाठ झालेला.

सिंधू बारा दिवस खाटेवर होती. लोहाची इंजेक्शनं, जंताचं औषध. तिला घरी सोडलं त्या दिवशी खोली पुन्हा भरलेली. आणि सासूने काय केलं, सगळ्यांसमोर मधल्या टेबलापाशी गेली, आपली स्वतःची कनवट सोडली आणि त्यातून एक खडा काढून टेबलावर ठेवला. पांढऱ्या मातीचा, त्या गोठ्याच्या भिंतीचा.

"ह्यो माझा," म्हणाली. "अजूनबी खाते कधी कधी. हसा."

कुणी हसलं नाही. कोपऱ्यातल्या खाटेवरची एक शहरी, चष्मेवाली बाई, शाळेत शिकवणारी, हळूच म्हणाली, "मी पाटीची पेन्सिल खाते." मग आणखी एक. त्या खोलीत त्या दिवशी सिंधू धरून आठात तिघी निघाल्या. डॉक्टरीणबाई वही घेऊन बसल्या. तेव्हापासून आमच्याकडे कनवट सोडताना मी आधी माझं सांगायचे, मग गाठीला हात लावायचे. फार बायका बोलायला लागल्या. पण त्याआधी किती गप्प राहून घरी गेल्या असतील, ते मोजायची सोय नाही.

सिंधू पुन्हा आली नाही. निवृत्त झाल्यावर एकदा मांजरीला एका लग्नाला गेले होते. तो रस्ता शोधला. उसाच्या जागी सोसायट्या, गेटवर वॉचमन. गोठ्याची भिंत कुठे होती ते मला सांगता आलं नाही.

तिचे खडे मात्र माझ्याजवळ आहेत. कागदात बांधलेले, वर खाटेचा नंबर. जाताना ती म्हणाली होती, "मावशी, तुमीच ठेवा. मी मागितले तरी देऊ नका." सुपारीच्या डबीत ठेवलेत. मी ती डबी सहसा उघडत नाही. एवढी म्हातारी झाले, पण झाकण निघालं आणि तो वास आला की तोंडाला पाणी सुटतं, आणि मग भीतीने अंगावर काटा येतो. दोन्ही एकदमच. तेव्हा नॅचरल आहे, हे मला तुझ्या मोबाइलने सांगायला नको. ओढ नॅचरलच असते गं. पोटात गेलेल्याचं काय होतं, ते मी पाहिलंय.

मी तुझ्या नवऱ्याला सांगणार नाही. तुझ्या सासूलाही नाही. तुझ्यावर हसणार तर मुळीच नाही, एकदा हसले ते पुरे झालं. पण तुझी पापणी मी परवा लिफ्टच्या उजेडात ओझरती पाहिली आणि तेव्हापासून मला चैन नाही. उद्या ये. ते यंत्र कानातून काढून, दुपारी तुझी ती मीटिंग आटपली की ये. पाकीट न फोडता घेऊन ये. मी माझी डबी काढते, तू तुझं पाकीट काढ, दोन्ही टेबलावर ठेवून आपण दोघी खजूर खात बसू. आणि मग खालच्या लॅबमध्ये जाऊन बोटाला सुई टोचून येऊ, मी बरोबर येते. परवा नको, उद्याच ये. मी मागे एकदा एक सुट्टी वाया घालवलीय. दार नुसतं लोटलेलं असेल.